मुळाईची ओल

सज्जनहो, धरणीला हात लावा, मुळाईचं नाव घ्या आणि मग ऐका. ज्या साली धाकटा सूर्य मावळेचना, त्या साली ओंजळनाथ महाराज कातळवाडीत मुक्कामाला होते. थोरला सूर्य आपला वेळेवर उगवे, वेळेवर बुडे. पण धाकटा डोक्यावर ठाण मांडून बसलेला. रात्र म्हणून होईना, दव म्हणून पडेना. झरे आटले, गुरं खंगली. महाराज देवराईत बसून असत. त्यांच्याजवळ भांडंकुंडं काही नव्हतं. कोणी देईल ते ओंजळीत घेत, म्हणून ते नाव पडलं.

मुळाईला मूर्ती नाही की देऊळ नाही. ती जमिनीखाली मुळांत राहते. कातळवाडीत मूल जन्मलं की त्याच्या नावाचं झाड देवराईत लावत. झाड हिरवं तोवर माणूस सुखरूप. झाड वाळलं की माणसाची आशा सोडायची. आणि देवीचा नेम असा, की आपल्या घरच्या झाडाला आपल्या हातानं पाणी घालायचं नाही. तुमच्या झाडाला मी घालायचं, माझ्या झाडाला तुम्ही. घराघरांच्या अशा जोड्या वाडवडलांपासून ठरलेल्या. तिला ते ओलसोयरीक म्हणत.

भिवरा नावाच्या गरीब विधवेची ओलसोयरीक होती दौलतराव खोतांशी. तिनं खोतांच्या झाडाला पाणी घालायचं, खोतांनी तिच्या साळूच्या झाडाला. साळू एवढीच तिची लेक. बाकी घरात कोणी नाही.

पाणी कमी झालं तशी माणसांची नियत फिरली. सगळ्यांच्या आधी खोतांची! घरची विहीर असून त्यांनी साळूच्या झाडाचं पाणी बंद केलं आणि राजरोस आपल्याच झाडाच्या बुंध्याशी घागरी ओतू लागले. मग काय, खोतांनी केलं ते गावानं केलं. जो तो आपापल्या झाडापाशी. तरी झाडं वाळायची ती वाळतच होती, पण कोणाच्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ!

एकटी भिवरा तेवढी घळीत उतरे, कपारीत ठिबकणारं पाणी गाडग्यात धरी आणि खोतांच्या झाडाला आणून घाली. साळू तापानं फणफणली, तिच्या झाडाची पानं गळाली, तेव्हा ती खोतांपुढं पदर पसरून उभी राहिली.

"मालक, तांब्याभर तरी घाला हो तिच्या झाडाला. तुमच्या हातचंच लागतं."

खोत खो खो हसले. "अगं वेडे, पोरीचं झाड खराटा झालं आणि तू माझ्या झाडाला पाणी घालतेस? घाल बाई, घाल! फुकटचं पाणी कोण नको म्हणतंय? मुळाई तुझी केव्हाच करपून गेली खाली."

अहो, त्या माउलीला काय वाटलं असेल! पण ती गाडगं उचलून पुन्हा घळीत उतरली.

मग कपारही कोरडी पडली. गाडग्यात तळाला होतं तेवढंच पाणी उरलं. साळूच्या तोंडात घोट घालावा तर तो ओठांवरून ओघळून जाई. लेकीला शेजारणीच्या मांडीवर ठेवून भिवरा गाडगं घेऊन महाराजांकडे आली.

"महाराज, एवढंच उरलंय. माझ्या हातानं माझ्या पोरीच्या झाडाला घालू का? नुसतं हो म्हणा."

महाराजांच्या डोळ्यांना धार लागली. ते म्हणाले, "बाई, हो म्हणायचा अधिकार मला नाही. आणि नको म्हणायला जीभ उचलत नाही."

"मग तुमचा उपयोग काय?" भिवरा किंचाळली.

"काही नाही, बाई," महाराज म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

भिवरा उठली. साळूच्या झाडापाशी गेली. एक पान नव्हतं त्याच्यावर. फांदीला हात लावला तर ती कटकन मोडून हातात आली. तेवढ्यात शेजारणीचा हंबरडा ऐकू आला आणि भिवरा काय ते समजली. आता या पाण्याचं करायचं काय? नेम पाळून तरी काय मिळालं? आणि मोडून तरी आता काय मिळणार?

"नेलीस ना?" ती मातीला म्हणाली. "मग हेही घे!" आणि तशीच वळून तिनं गाडगं खोतांच्या झाडाच्या बुंध्याशी उपडं केलं, आपटून फोडलं आणि खाली बसली. भक्ती नव्हती हो ती, सगळं संपल्यावरची सवय होती.

खोत दोन्ही झाडांच्या मधल्या वाटेवर उभे होते. हसायला त्यांनी तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. त्यांच्या झाडाच्या बुंध्यापासून ओलीची एक काळी रेघ निघाली होती. भेगाळलेल्या मातीतून ती सरकत आली, खोतांच्या पायाखालून गेली आणि साळूच्या झाडापाशी पोचली. मोडल्या फांदीच्या बुडाशी एक कोंब फुटला, तांबूस, तान्ह्या बाळाच्या नखाएवढा. आणि तिकडे शेजारीण ओरडली, "भिवरे, अगं धाव! पोरगी पाणी मागतेय!"

खोत विहिरीकडे धावले, घागर भरून आणली, आधी साळूच्या तोंडाला लावली, उरलेली तिच्या झाडाला घातली. मग येऊन महाराजांच्या पायांवर पडले. महाराज मागं सरले. "माझ्या हातून काही झालं नाही, खोत. तिच्याकडे जा."

त्या साली कातळवाडीतली कितीतरी झाडं गेली, त्यांच्या नावाची माणसंही गेली. धाकटा सूर्य पुढं मावळला, पण ती परत आली नाहीत. हे लपवून कथा सांगणं बरं नव्हे.

खोतांनी भिवरेपुढं कपाळ मातीला टेकवलं. "आई, चुकलो. काय हवं ते माग."

भिवरेच्या मांडीवर साळू होती. बाईला रडायचंही त्राण नव्हतं. ती म्हणाली, "माझं गाडगं फुटलंय, मालक. तुमच्याकडचं एखादं भांडं द्या. उद्या तुमच्या झाडाला पाणी घालायचंय."