भुंग्याचा गूळ बोगद्यात

एक होता भुंगा. काळा काळा. गोल गोल. उडाला की भुर्र भुर्र. रडला की भोंऽऽ!

भुंग्याला सापडला गुळाचा खडा. केवढा? तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. एवढासाच, पण भुंग्याची धाकटी बहीण बांबूच्या बेटातल्या घरी वाट बघत होती. तिला गूळ फार आवडायचा.

भुंगा निघाला गूळ घेऊन. भुर्र भुर्र, भुर्र भुर्र. वाटेत दमला. बसला कुठे? दिगूकाकांच्या माडीवर.

दिगूकाकांच्या माडीवर काय होतं, सांगा बघू? अख्खी रेल्वे! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. इकडे स्टेशन दिगूपूर, तिकडे स्टेशन वच्छीगाव. मध्ये गोणपाटाचे डोंगर. घोसाळ्याच्या जाळीची झाडं, हिरवी रंगवलेली. जुन्या तेलाच्या पिंपाचा बोगदा. आणि एक डिझेल इंजिन, लाल लाल, तुमच्या पेन्सिलच्या डबीएवढं.

दिगूकाका ड्रायव्हर. त्यांची मोठी बहीण वच्छीअक्का, ती गार्ड. दोघांनी मिळून मांडलेली रेल्वे. मालगाडीच्या डब्यात कोळसा म्हणून मोहरी भरायचे! एकदा घरातली मोहरी संपली. अक्काने कोळसाच घातला फोडणीला. चुर्र! त्या दिवशी गाडी रिकामी धावली.

पण आता गाडी धावतच नव्हती. कितीतरी दिवस झाले. डोंगरावर धूळ. झाडांवर धूळ. इंजिनावर धूळ.

भुंग्याने गूळ ठेवला एका डब्यात. टप्प! डबा होता उतारावर. डबा निघाला. घर्र घर्र, घर्र घर्र. गेला बोगद्यात आणि अडकला. खट्ट!

बोगद्यात मिट्ट काळोख. भुंग्याला काळोखाची भीती. आता काय करायचं?

भुंगा गेला इंजिनाकडे. भुर्र भुर्र.
"इंजिना इंजिना, डबा ओढ ना!
डबा हलेना,
माझा गूळ मिळेना!"
इंजिन म्हणालं, "मी नाही ज्जा! रुळांतून वीज आली तरच ओढेन."

भुंगा गेला रुळाकडे. भुर्र भुर्र.
"रुळा रुळा, वीज दे ना!
इंजिन ओढेना,
डबा हलेना,
माझा गूळ मिळेना!"
रूळ म्हणाला, "मी नाही ज्जा! मी किती मळलोय बघ. फडक्याने पुसलं तरच वीज देईन."

भुंगा गेला फडक्याकडे. फडकं खिळ्याला लटकलेलं. भुर्र भुर्र.
"फडक्या फडक्या, रूळ पुस ना!
रूळ वीज देईना,
इंजिन ओढेना,
डबा हलेना,
माझा गूळ मिळेना!"
फडकं म्हणालं, "मी नाही ज्जा! काकांनी हातात घेतलं तरच पुसेन."

भुंगा गेला काकांकडे. दिगूकाका खिडकीपाशी खुर्चीत बसलेले. भुर्र भुर्र.
"काका काका, फडकं घ्या ना!
फडकं पुसेना,
रूळ वीज देईना,
इंजिन ओढेना,
डबा हलेना,
माझा गूळ मिळेना!"
काका म्हणाले, "मी नाही ज्जा! अक्काची झेंडी दिसली तरच उठेन. झेंडीशिवाय आमची गाडी कधी सुटली आहे का? पण अक्काचे गुडघे दुखतात रे. ती हल्ली वर येतच नाही."

भुंगा गेला जिन्यावरून खाली. अक्का स्वयंपाकघरात शेंगा फोडत होती. टच् टच्, टच् टच्.
"अक्का अक्का, झेंडी दाखव ना!
काका उठेनात,
फडकं पुसेना,
रूळ वीज देईना,
इंजिन ओढेना,
डबा हलेना,
माझा गूळ मिळेना!"
अक्का म्हणाली, "मी नाही ज्जा! आधी इंजिनाचा हॉर्न, मग माझी झेंडी. हॉर्न वाजला तरच जिना चढेन. दिगू हल्ली हॉर्न वाजवतच नाही. मग मी कशाला वर जाऊ?"

भुंगा पुन्हा वर आला. पुन्हा इंजिनाकडे. भुर्र... भुर्र... पंख दमले बिचाऱ्याचे.
"इंजिना इंजिना, हॉर्न वाजव ना!
अक्का येईना,
काका उठेनात,
फडकं पुसेना,
रूळ वीज देईना,
तू ओढेनास,
डबा हलेना,
माझा गूळ मिळेना!"
इंजिन म्हणालं, "अरे वेड्या, विजेशिवाय हॉर्न कसा वाजवू?"

झालं! आता कुणाकडे जायचं? इंजिन रुळासाठी थांबलेलं. रूळ फडक्यासाठी. फडकं काकांसाठी. काका अक्कासाठी. आणि अक्का? अक्का इंजिनासाठी! सगळे बसले आपले एकमेकांची वाट बघत.

भुंगा बोगद्याच्या तोंडाशी बसला. आत वाकून बघितलं. काळोखच काळोख. बहिणीची आठवण आली. भुंग्याला रडू फुटलं.

भोंऽऽ!

बोगदा होता पिंपाचा. पत्र्याचा! भुंग्याचं एवढंसं रडू आत शिरलं आणि घुमलं, घुमलं, घुमलं.

भोंऽऽऽऽऽऽ!

झाडं थरथरली. डोंगरावरची धूळ उडाली. आवाज गेला जिन्यावरून खाली, थेट स्वयंपाकघरात.

अक्काच्या हातातली शेंग हातातच राहिली.
"अगं बाई! हॉर्न!"

अक्का उठली. जिना चढू लागली. एक पायरी, आई गं! दुसरी पायरी, आई गं! वर आली, दारात उभी राहिली.
"दिगू, तुझ्या इंजिनाला सर्दी झालीय का रे? असं काय वाजतंय?"
काका म्हणाले, "अक्का, मी नाही वाजवला. तो भुंगा रडतोय."
"कोणी का वाजवेना! हॉर्न तो हॉर्न. ऊठ, टोपी घाल."

आणि झेंडी? झेंडी कुठे होती, माहीत आहे? अक्काच्या कमरेला खोचलेली. इतके दिवस तिथेच होती! काका बघतच राहिले.

अक्काने झेंडी दाखवली. फडफड फडफड!
झेंडी दिसली, काका उठले.
काका उठले, फडकं घेतलं.
फडक्याने रूळ पुसला. सुई सुई, सुई सुई.
रूळ चमकला. काकांनी बटण फिरवलं. खट्ट!
रुळाने वीज दिली.
इंजिनाचा दिवा लागला. इंजिन गुरगुरलं. डुग डुग, डुग डुग, डुग डुग!

इंजिन गेलं बोगद्यात. दिवा पुढे, काळोख मागे. डब्याला कडी लागली. खट्!
इंजिनाने डबा ओढला.
डबा हलला.
घर्र घर्र, घर्र घर्र, आला बाहेर!
आणि डब्यात काय? भुंग्याचा गूळ!

"मिळाला, मिळाला, माझा गूळ मिळाला!" भुंगा नाचला गोल गोल. गूळ उचलला आणि निघाला खिडकीतून. भुर्र भुर्र, भुर्र भुर्र, बहिणीकडे.

गाडी मात्र थांबली नाही. दिगूपूरहून वच्छीगाव, वच्छीगावहून दिगूपूर. अक्काने पदरातले शेंगदाणे डब्यात टाकले. गाडी आली फिरत फिरत काकांपाशी. काकांनी अर्धे खाल्ले, अर्धे परत पाठवले. पूर्वी असंच करायचे दोघं, तुमच्याएवढे होते ना, तेव्हा.

शेंगदाणे संपले. अक्का म्हणाली, "दिगू, उद्याची गाडी किती वाजताची रे?"
काका म्हणाले, "तू झेंडी दाखवशील तेव्हाची."
"आणि हॉर्न?"
काकांनी बटण दाबलं. इंजिनाने खरा हॉर्न दिला. भोंऽऽ!
आणि लांबून, बांबूच्या बेटातून, कुणीतरी उत्तर दिलं. कोणी बरं?

भोंऽऽ!

गाडी आली फलाटाला,
गोष्ट आली मुक्कामाला.