देवांच्या दुकानात खुर्ची

त्र्यंबकशेठ कासारांनी आपल्या साड्यांच्या दुकानात हुकूम काढला, "गिऱ्हाईक म्हणजे देव. देवासमोर कोणी बसायचं नाही." झालं, सगळी स्टुलं माळ्यावर गेली. शिवाय येईल त्या गिऱ्हाइकाला दारातच ओवाळायचं ठरलं. पहिल्याच दिवशी एका सुभेदारांच्या मिशा जळता जळता वाचल्या, आणि बस्ता बांधायला आलेलं वऱ्हाड आरती संपेपर्यंत पायरीवर टाळ्या वाजवत उभं राहिलं.

साड्या दाखवणाऱ्या पोरींचे पाय संध्याकाळपर्यंत सुजून यायचे. एकदा रुक्साना पैठणी उलगडता उलगडता चक्कर येऊन तिच्यावरच आडवी झाली.

"बघा, पोरीनं देवाला लोटांगण घातलं," शेठ कौतुकाने म्हणाले.

दुकानाची मॅनेजर होती शालन खराडे. तिने रुक्सानाला पाणी पाजलं आणि तडक शेठचं केबिन गाठलं.

"शेठ, पोरींना बसायला द्या."

"देवळात सेवक बसतो का कधी? बसलेला दाखव, उद्या सगळ्यांना खुर्च्या देतो. नाही दाखवलास तर तुझी नोकरी गेली."

"बरं. मग आज गणपतीला माझ्याबरोबर चला."

संकष्टी होती. रांग लांबलचक. शेठ कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देत कण्हत होते. एकदाचा गाभारा आला. आत गुरुजी पाटावर ऐसपैस मांडी घालून हार घेत होते.

"शेठ, हे कोण?" शालनने विचारलं.

"कोण म्हणजे? देवाचे सेवक."

"आणि देवासमोर बसलेत? उठवू का त्यांना?"

"खुळी का काय तू? पहाटेपासून सेवेला आहेत ते. दिवसभर उभं राहून माणसाचे पाय राहतील का?"

"मग रुक्सानाला काय देवानं दगडी खांब दिलेत?"

शेठ असे खदाखदा हसले, की दचकलेल्या गुरुजींच्या हातून हार उडून शेठच्याच गळ्यात पडला.

"खुर्च्या दिल्या! गादीच्या दिल्या!" डोळे पुसत शेठ म्हणाले. "आणि तुझा पगार दीडपट. आणखी काय हवं ते माग."

"दुपारी तासभर दुकान बंद ठेवा, शेठ," शालन म्हणाली. "नैवेद्य झाला की देवसुद्धा दार लावून आडवा होतो."

हसता हसता शेठनी तेही दिलं.