पाठ फिरवलेले यान

एकदा एका वृद्ध आचार्यांचा सर्वांत हुशार शिष्य चुकला, आणि चुकला तोही जमिनीपासून चारशे किलोमीटर उंचीवर. आचार्य अंतराळयान चालवण्याची विद्या शिकवत. त्या विद्येच्या परीक्षेत शिष्याने पैकीच्या पैकी गुण मिळवले होते आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

त्या दिवशी सुलक्षणा नावाची अंतराळवीर आणि तिचा सोबती पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात अडकले होते. इंजिन बंद पडले होते आणि आत हवा उरली होती जेमतेम चार तासांची. त्यांना आणायला शिष्य दुसरे यान घेऊन एकटाच गेला. तीस किलोमीटर अंतर राहिले असताना त्याच्या यानाचा संगणक रुसला. आता यान हातानेच न्यायचे होते. समोर सुलक्षणाच्या यानाचा दिवा दिसत होता. तिने त्याला सात वर्षे धाकट्या भावासारखे वागवले होते. त्याला राहवले नाही. त्याने दिव्याच्या रोखाने इंजिन पेटवले.

अंतर क्षणभर घटले आणि मग वाढू लागले. त्याने पुन्हा जोर लावला, तर दिवा आणखी लांब गेला. परतीचे इंधन सोडले तर आता एकाच प्रयत्नापुरते शिल्लक होते. शिष्याने पुन्हा इंजिनाकडे हात नेला.

जमिनीवरून आचार्यांचा आवाज फक्त त्याच्याच यानात आला, "थांब. आता त्यांच्याकडे पाठ फिरव आणि मग इंजिन पेटव."

"सर, पाठ? अहो, मी मागे पडेन!"

"फिरव म्हणतोय ना!"

शिष्याने यान उलटे फिरवले. दिवा खिडकीतून दिसेनासा झाला. रेडिओवर सुलक्षणा हळूच म्हणाली, "निघालास का रे? असू दे. तू तरी सुखरूप पोच."

हे ऐकून त्याला रडू कोसळले. पण त्याने इंजिन पेटवले. यानाचा वेग मंदावला आणि ते थोडे खाली उतरले. पुढे दीड तास, म्हणजे पृथ्वीची एक अख्खी फेरी, काहीच करायचे नव्हते. आचार्य मधूनमधून एवढेच सांगत, "हात मांडीवर ठेव."

फेरी संपत आली आणि रेडिओवर सुलक्षणा ओरडलीच, "अगं बाई! हा तर खालून वर येतोय! अरे, केवढा मोठा दिसतोयस!" शिष्याने वेग जुळवला. यानाला यान लागले, दार उघडले आणि त्याने दोघांना हाताला धरून आत ओढले. खाली नियंत्रण कक्षात साठी उलटलेले शास्त्रज्ञ टेबलांवर चढून नाचले. दुसऱ्या दिवशी तिघेही धडधाकट जमिनीवर उतरले.

गळ्यात स्वागताचे हार असतानाच शिष्य आचार्यांकडे गेला. "सर, वेग वाढवला की यान वर चढते आणि त्याची फेरी लांबते. वेग कमी केला की ते खाली येते, फेरी आखूड होते आणि पुढच्याला गाठता येते. हे तर मी पहिल्याच वर्षी शिकलो होतो. मग चुकलो कसा?"

आचार्य म्हणाले, "गणित तुला माझ्याइतकेच येते. पण तो दिवा दिसला आणि तुला तुझी तळमळ सोसवेना. इंजिन तू स्वतःची तळमळ शमवण्यासाठी पेटवलेस, तिला श्वास मिळावा म्हणून नव्हे. मनात दोन्ही गोष्टी अगदी सारख्याच वाटतात, तिथेच शहाणीसुरती माणसे फसतात. पाठ फिरवणाऱ्याला मात्र कुणी शाबासकी देत नाही, त्याला स्वतःलाही ती देता येत नाही. तरीही त्याने काम केले, तर ते निखळ समोरच्यासाठी असते. तू ते रडत रडत केलेस. मला तुझा फार अभिमान वाटतो."

शिष्याने मान खाली घातली. शेजारी उभी असलेली सुलक्षणा मात्र गप्प बसली नाही. "सर, सगळे पटले. पण तो दीड तास आम्ही मेलोच, असे समजून काढला. एका शब्दाने सांगायला काय झाले होते?"

आचार्यांनी तिच्यापुढे हात जोडले. "बाई, हे शिकवायचे माझे राहून गेले होते."

त्यांच्या विद्यालयात आता यान उलटे फिरवण्याच्या धड्याला एक नवी पहिली ओळ आहे: पाठ फिरवण्याआधी सांगावे, "येतोय."