सातासमुद्रापारचा भाऊबंद

रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही, तो राजाच्या हुकमामुळे नव्हे. दरबारात जाताना माझ्या लेकीला, ठकूला, कुणाकडे ठेवायचं, या काळजीने!

हुकूम असा होता : पळसगडच्या शिक्षक संघाने राज्याबाहेरच्या संघटनांशी असलेली संलग्नता सोडावी, नाहीतर दरबारात येऊन ती नाती खरी आहेत हे सिद्ध करावं. नाती दोनच होती. एक, शेजारच्या राज्यांतल्या कामगारांच्या महासंघाशी. त्यात हमाल, विणकर, खलाशी सगळेच आले. दुसरं, सातासमुद्रापारच्या शिक्षकांच्या मंडळाशी. दरबारात कोणी जायचं? संघाने एकमताने मला निवडलं. एकमत झालं, कारण त्या सभेला मी नव्हते. ठकूला ताप होता.

शेवटी सहा वर्षांच्या ठकूचं बोट धरून मी राजा भूपाळरावांसमोर उभी राहिले.

"काय हो रेवाबाई," राजे म्हणाले, "मास्तर म्हणजे समाजाचा दिवा! दिव्याला कसली आलीय संघटना?"

"दिव्याला तेल लागतं, महाराज."

"मग आमच्याकडे मागा! त्या हमालांशी तुमचं काय नातं?"

"हिच्या वेळच्या बाळंतपणात मला कामावरून काढलं होतं, महाराज. तेव्हा बंदरातल्या हमालांनी तुमची झुंबरं बोटीतून उतरवलीच नाहीत. मला परत घेतलं, मग राजवाड्यात उजेड पडला!"

"हमालांचं राहू द्या," राजे घाईघाईने म्हणाले. "पण ते समुद्रापलीकडचे! त्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळं, देव वेगळे. त्यांना तुम्ही भाऊबंद म्हणता? ठीक आहे, ओळखा आपला भाऊ!"

त्यांनी टाळी वाजवली. पाच परदेशी पुरुष आत येऊन ओळीने बसले. पाचही जणांच्या अंगात सारखे झगे, पाचही जणांना सारख्याच दाढ्या.

"यातला एक त्या मंडळाचा मास्तर. बाकीचे खलाशी आणि व्यापारी. तुम्ही बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, जवळ जायचं नाही. ओळखलंत तर दोन्ही नाती कायम. चुकलात तर दोन्ही तुटली, आणि तुमची नोकरीही गेली!"

मला माझ्या वर्गातले जुळे अजून ओळखता येत नाहीत, आणि हे पाच जण! बरं, चूक झाली तर उद्या दुसऱ्या एखाद्या बाळंतिणीला घरी बसवतील, तेव्हा तिच्यासाठी कोण अडून बसणार?

"महाराज, माझी मुलगी त्यांच्याजवळ गेली तर चालेल?"

"जाऊ द्या की! तिला काय कळतंय?"

मी ठकूच्या कानात दोन शब्द सांगितले. ती तुरुतुरु गेली आणि त्या पाच जणांसमोर उभी राहिली. पायाला पाय घट्ट आवळले, ओठ दाबले, आणि करंगळी वर केली.

दरबारात खसखस पिकली. पहिला परदेशी हसला. दुसऱ्याने खिशातून खडीसाखर काढून तिला दाखवली. तिसरा छताकडे बघत बसला. चौथ्याने झगा आवरून घेतला आणि मागे सरकला.

पाचवा मात्र ताडकन उठला. विचारबिचार काही नाही! ठकूचा हात धरला आणि दाराकडे निघाला. दोन पावलं गेल्यावर गर्रकन मागे वळला, उरलेल्या चौघांवर डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं. उभा जन्म वादळांशी झुंजलेले ते गडी, हाताची घडी घालून गप्प बसले!

"हाच!" मी ओरडले. "हाच आमचा माणूस!"

"छे, छे!" प्रधान पुढे सरसावले. "घरी लेकरं असलेला व्यापारी असेल. बाप असेल, बाप!"

"बाप असता, प्रधानजी, तर आधी हिची आई कुठे आहे ते शोधलं असतं! हा थेट दार शोधतोय!"

आधी पडद्याआड बसलेल्या राणीसाहेब हसल्या. मग राजे हसले, ते इतके की मुकुट एका हाताने धरावा लागला. परदेशी पाहुण्याने छातीवर हात ठेवून मला मान लववली. मास्तरच होता तो!

"दोन्ही नाती कायम!" राजे डोळे पुसत म्हणाले. "वर बक्षीस मागा, रेवाबाई. गाव मागा, पालखी मागा!"

"शाळेला मुतारी द्या, महाराज. अजून नाहीये."

पुन्हा हशा! राजांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. एक नाही, दोन बांधा म्हणाले. मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. त्यावर प्रधानांनी छोटंसं भाषणही केलं. मग राजे सिंहासनावरून वाकून ठकूला म्हणाले, "आणि तू गं पोरी! काय झकास नाटक केलंस!"

ठकूने मास्तरांचा हात सोडला आणि पायाखालच्या गालिच्याकडे बघितलं.

"आई नाटक कर म्हणाली होती," ती म्हणाली, "पण मला खरंच लागली होती. आता नाही लागलेली."