बिनतोंडाचं अस्वलबाळ

सावरीच्या रानाला लागून एक आळी होती. तिला सगळे अस्वलआळी म्हणत. तिथे घरोघरी कापडाची अस्वलं जन्माला यायची. कुणी मधाच्या रंगाचं, कुणी राखाडी, कुणी जांभळट, तर एखादं सायीसारखं पांढरंशुभ्र. पोटात सावरीचा रेशमी कापूस, हात गोल फिरावेत म्हणून खांद्यांत लाकडी चकत्या आणि डोळ्यांना काळेभोर काचमणी. एकासारखं दुसरं करायचं नाही, हा आळीचा नेम. म्हणून तर राणीसाहेब आळीच्या दरवर्षीच्या जत्रेतून अस्वलं निवडून आपल्या काचमहालात हौसेने मांडून ठेवायच्या.

आळीच्या टोकाला, इवल्याशा खोलीत, सुरंगी आणि तिची आई राहायच्या. सुरंगी भारी भित्री. भांडं पडलं की दचकायची, पाल चुकचुकली की दचकायची, कधीकधी तर स्वतःच्याच शिंकेला दचकायची! आणि दचकली की हातात असेल ते घट्ट छातीशी धरायची. मग ती उशी असो नाहीतर केरसुणी.

त्या वर्षी आईला मोठा ताप आला. ताप गेला, पण हातांना थरथर देऊन गेला. तिचं मधाच्या रंगाचं अस्वलबाळ तयार होतं, फक्त तोंड शिवायचं राहिलं होतं. तोंड सगळ्यात शेवटी शिवायचं, आणि ज्या हातांनी कापड कापलं त्याच हातांनी, असाही आळीचा नेम होता. पण सुई घेतली की आईची बोटं वाऱ्यातल्या पानासारखी हलायची. जत्रा तर उद्यावर आलेली. जत्रेत ज्याचं अस्वल नाही, त्याने आळीतलं घर सोडायचं.

"आई, मी शिवू का गं गुपचूप?"

"नको गं सोने. तोंड खोटं, तर अख्खं अस्वल खोटं."

शेजारच्या गोदाक्का दारातून डोकावल्या. "काय गं चंद्रे, गेला का धागा सुईत? की पुढच्या जत्रेला जाणार?"

आईने सुई खाली ठेवली. सुरंगी चटकन उठली. "हनुवटीत चिमूटभर कापूस कमी वाटतोय. नवा आणते," असं म्हणून तिने अस्वलबाळाला टोपलीत ठेवलं आणि ती रानात निघाली.

रानात सावरीची बोंडं फुटली होती. कापसाची रुपेरी म्हातारी उन्हात तरंगत होती, झळकत होती, गवतावर अलगद टेकत होती. एक पुंजका मात्र खाली येईचना! सुरंगीने हात पुढे केला, तर त्यातून दोन गुलाबी पंख उघडले.

"अगं बाई!" सुरंगी दचकली आणि टोपलीच छातीशी धरून बसली.

"घाबरलीस? मीसुद्धा घाबरले," पिटुकली परी म्हणाली. "मी सावरपरी. माझ्या रानात येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक इच्छा मिळते. पण नेम पाळायचे हं. इच्छा अस्वलाच्या कानात सांगायची, तीही त्याचं तोंड शिवायच्या आधी. आणि मग त्याला जो पहिली मिठी मारेल, इच्छा त्याची!"

"म्हणजे मी मिठी नाही मारायची?"

"मारलीस तर तुझी होईल."

सुरंगी अस्वलबाळाच्या मऊ कानाशी वाकली आणि म्हणाली, "जो तुला मिठी मारेल ना, त्याची थरथर थांबू दे."

ती परत निघाली. टोपली अंगापासून लांब धरलेली, पाऊल जपून टाकलेलं. इतक्यात मोर केवढ्याने ओरडला! सुरंगी अशी दचकली, की टोपली गवतावर टेकवून तिने शेजारच्या झाडालाच मिठी मारली. "हुश्श! वाचले बाई."

आणि मग रडणं ऐकू आलं. करवंदीच्या जाळीत गोदाक्कांची चिमुरडी नात, छबी, अडकली होती. झग्यात काटे, केसांत काटे. भीतीने तिचं अंग लटलट कापत होतं, आणि कापेल तसे काटे आणखी रुतत होते.

"हलू नकोस गं छबुली, मी काढते."

"नको! हात नको लावू!" छबी किंचाळली.

सुरंगीने टोपलीकडे पाहिलं. मग आईचे हात आठवले. मग पुन्हा छबीकडे पाहिलं. गालावर रक्ताचा लालचुटुक थेंब आला होता. सुरंगीने डोळे गच्च मिटले आणि टोपली जाळीत सरकवली.

"घे. याला धर."

छबीने अस्वलबाळाला पोटाशी घेतलं, आणि तिचं कापणं जागच्या जागी थांबलं. ती शांत बसून राहिली. सुरंगीने एकेक काटा सोडवला, तिला बाहेर घेतलं आणि मग स्वतःच मुळूमुळू रडू लागली.

"ताई, तुला पण काटा लागला?"

"नाही गं. आईचे हात बरे व्हायचे होते. ते आता राहिलं."

एवढ्यात पुंजका तरंगत आला. "छबीबाई, तुम्हीही रानात आलात. तुमचीही एक इच्छा आहे बरं." परीने तिलाही नेम सांगितले.

"लाडू मिळेल?" छबीने लगेच विचारलं.

"मिळेल की."

सुरंगी छबीच्या केसांतली पानं वेचू लागली. इच्छा छबीची होती. छबीने तिच्या ओल्या गालांकडे बघितलं, मग अस्वलबाळाच्या कानाला तोंड लावून बराच वेळ काहीतरी पुटपुटली, आणि त्याला नीट टोपलीत ठेवून दिलं.

छबीला तिच्या दारात सोडून घरी पोचेपर्यंत सुरंगी टोपलीत डोकावत राहिली. आता अस्वलातून लाडू निघतो की काय!

"आई, याला मिठी मार. काही विचारू नकोस."

आईने अस्वलबाळाला कुशीत घेतलं. मग हळूच आपले हात समोर धरले. उजवा, डावा, पुन्हा उजवा. एकही बोट हललं नाही. तिने सुई उचलली, आणि धागा पहिल्याच झटक्यात ओवला गेला. एक टाका, दुसरा टाका, आणि इवलंसं तोंड उमटलं.

छबीला कडेवर घेऊन गोदाक्का दारात उभ्या होत्या. नातीच्या गालावरून त्या हात फिरवत राहिल्या. "चंद्रे," त्या अडखळत म्हणाल्या, "उद्या जत्रेत तुझं अस्वल माझ्या शेजारी मांड हो. सावली असते तिथे. आणि सुरंगे, तू ये गं लाडू खायला. दोघी मिळून खा."

खिडकीत सावरपरी बसली होती. तिने गुलाबी पंख उघडले आणि खोलीभर सोनेरी, रुपेरी, केशरी उजेड पसरला. भिंती उजळल्या, काचमणी लकाकले. सुरंगीने डोळे चोळून पाहिलं तेव्हा खिडकी रिकामी होती, आणि आई नव्या अस्वलासाठी निळं कापड कापत होती.