रिकाम्या बाटलीचा प्रश्न

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या शिष्याने डोंगरपायथ्याशी, ओढ्याकाठी पांथस्थांसाठी छोटेसे विश्रामगृह बांधले. तिथे बिअर मिळणार म्हटल्यावर गावाने नाक मुरडले. सारे गाव त्याच ओढ्याचे पाणी पीत होते. "ओढ्याला माझ्या धंद्याचा उपद्रव होणार नाही," असा शब्द शिष्याने चारचौघांत दिला, तेव्हा कुठे संमती मिळाली. शब्द मोडला तर विश्रामगृहाला टाळे लागणार, हे त्याला पक्के ठाऊक होते.

म्हणून त्याने डोळ्यांत तेल घालून बिअरची निवड करायला घेतली. एका व्यापाऱ्याने परदेशी बिअर आणली. धान्य विषारी फवारणीविना पिकवलेले, भट्टी सूर्याच्या ऊर्जेवर चालणारी, बाटलीवर हिरवे पान. शिष्य हरखला. वरच्या वाडीत एक बाई बिअर तयार करीत, पण त्यांच्या बाटल्या पुन्हापुन्हा धुऊन ओरखडलेल्या. त्या पाहुण्यांपुढे ठेवायची त्याला लाज वाटली. होकार देण्याआधी त्याने आचार्यांना बोलावले. खरे तर त्याला सल्ला नको होता, शाबासकी हवी होती.

आचार्यांनी थेंबही चाखला नाही. शिष्य आणि तिथे आलेला व्यापारी, दोघांचे पिऊन झाल्यावर त्यांनी रिकामी बाटली विसळली, पंच्यात गुंडाळली आणि काठी उचलून ते चालू लागले.

"गुरुजी, निघालात कुठे?"

"बाटली परत द्यायला."

व्यापारी हसला. "महाराज, कारखाना समुद्रापलीकडे. तिथे कोण परत घेणार? टाकून द्यायची."

"कुठे?"

व्यापाऱ्याने आजूबाजूला पाहिले. विश्रामगृहामागे उतार होता आणि उताराखाली ओढा. शिष्याने मान खाली घातली.

आचार्य म्हणाले, "बाळा, हे गृहस्थ खोटे बोलत नाहीत. पण बिअर कशी जन्मली एवढेच तू ऐकलेस. पिणाऱ्याचा आणि तिचा संबंध एका संध्याकाळचा असतो, काच आपल्या मागेही उरते. रिकामे भांडे कुठे जाते, धान्याचा चोथा कोण खातो, धुण्याचे पाणी कुठे वाहते, हे विचारल्यावाचून निवड पुरी होत नाही."

"म्हणजे वाडीतल्या बाईंचीच घेऊ?"

"मी तसे म्हणालो नाही. त्यांनाही हेच विचार."

दुसऱ्या दिवशी शिष्य वाडीत गेला. बाईंनी पेला पुढे केला. तो म्हणाला, "ताई, आधी परसदार दाखवाल?"

बाईंना नवल वाटले. परसात म्हशी चोथा खात होत्या. धुतलेल्या बाटल्या उन्हात पालथ्या घातल्या होत्या. शिष्याला हायसे वाटले. मग त्याला कडेने वाहणारे साबणाचे पाणी दिसले.

"हे कुठे जातं?"

"ओढ्याला. तुमच्याच गावाकडे," बाई ओशाळून म्हणाल्या. "पाणी जमिनीत जिरवायला शोषखड्डा खणायचा म्हणते कधीची, पण एकटीनं होत नाही."

कालचा शिष्य इथूनच माघारी फिरला असता. आज त्याने बाह्या वर सारल्या आणि कुदळ कुठे आहे ते विचारले.