जीपताईचे नवे बल्ब

घाटात तुम्ही विश्वास कुणावर टाकाल, स्वतः लांबवर बघणाऱ्यावर की समोरच्यालाही बघू देणाऱ्यावर? गाड्या आपसांत बोलायच्या त्या काळातली ही गोष्ट.

एका जीपचे दिवे अगदीच मिणमिणते होते. रोज दिवेलागणीला वळणावर दुधाचा टेम्पो दिवा खाली करून विचारायचा, "काय जीपताई, बरं आहे ना?" तो नीट दिसावा म्हणून तिने झगझगीत बल्ब बसवून घेतले. त्याच संध्याकाळी टेम्पो ओरडला, "अगं बाई, आंधळं केलंस मला!" त्याचं चाक दरीच्या काठावर जेमतेम थांबलं. दुसऱ्या दिवसापासून तो लांबच्या रस्त्याने जाऊ लागला.

"काढून टाक हे बल्ब," जीप गॅरेजातल्या म्हाताऱ्या पेचकसाला म्हणाली.

"बल्ब चांगलेच आहेत गं. तुझी नजर तेवढी वर चढलीय." त्याने भिंतीवर खडूने रेघ ओढली आणि स्क्रू पिळत पिळत उजेड रेघेखाली आणला.

आता ट्रकसुद्धा तिला रामराम घालतात. ती प्रत्येकाला विचारते, "दुधाचा टेम्पो भेटला, तर सांगाल का? माझा उजेड आता खाली असतो म्हणावं."

मंडळी, आपल्याला किती लांबचं दिसलं ते आपल्या हिशेबाच्या वहीत जरूर मांडा. पण त्यापायी कुणाचे डोळे दिपले, तेही खरंखरं मांडा.